उमेदवाराचा नकार आणि नियोक्त्या संस्थेची भूमिका

मनुष्यबळ व्यवस्थापनातील निवडप्रक्रियेची चर्चा बहुधा नियुक्तिपत्रापाशी थांबते. निवड झालेल्या उमेदवाराने ते पत्र नाकारल्यास संस्थेने काय करावे, हा प्रश्न दुर्लक्षित राहतो. महाविद्यालय हेही नियोक्ताच असल्याने प्रस्तुत लेखात त्याचा विचार शिक्षकभरतीच्या संदर्भात केला आहे.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २ नुसार प्रस्ताव स्वीकारला गेल्यावरच त्याचे वचनात रूपांतर होते. स्वीकार नसेल तर करार नाही आणि करारभंगही नाही. स्वीकार कळवून मागाहून माघार घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. तेथेही कलम ७३ अन्वये भरपाई मिळते ती करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवलेल्या किंवा करार करताना उभय पक्षांना संभाव्य म्हणून ठाऊक असलेल्या नुकसानीपुरतीच. शिवाय, निवडयादीत नाव आल्याने नियुक्तीचा अबाधित हक्क प्राप्त होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने शंकरसन दाश विरुद्ध भारत सरकार (१९९१) या शासकीय भरतीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. निवडीनंतरही नियोक्त्यास विचार बदलण्यास वाव असेल, तर उमेदवाराच्या नकारास कृतघ्नता कसे म्हणावे? ‘आम्ही बोलावले, पण तो आला नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा मानापमानाचीच असते.

तासिका तत्त्वावर काम करू इच्छिणारा उमेदवार अनेक ठिकाणी मुलाखती देतो. मानधन घेतलेल्या तासांवर अवलंबून असते, सुट्टीत मिळकत थांबते. अशा वेळी त्याने अधिक स्थिर जागा पत्करणे स्वाभाविक होय. पुष्कळदा नकाराचे मूळ संस्थेच्याच दिरंगाईत असते: मुलाखत जूनमध्ये आणि पत्र ऑगस्टमध्ये!

नकार आल्यावर त्याची लेखी पोच तत्काळ द्यावी. कारण एकदाच आणि उत्तराची सक्ती न करता विचारावे. रुजू होण्याची तारीख किंवा तासांचे वेळापत्रक यांसारख्या, संस्थेच्या हातातील बाबीवर गाडी अडली असेल तर सुधारित प्रस्ताव देणे रास्त ठरते. ‘पुढे कायम करू’ असे तोंडी आश्वासन मात्र देऊ नये. ती शुद्ध फसवणूक होय.

खरी हानी विद्यार्थ्यांची होते, कारण वर्ग रिकामा राहतो. म्हणून प्रथम क्रमांकाचा उमेदवार रुजू होईपर्यंत प्रतीक्षायादीतील उमेदवारांना नकार कळविण्याची घाई करू नये. त्यांना यादीतील आपले स्थान ठाऊक असावे. नकार देणाऱ्याची मूळ प्रमाणपत्रे पडताळणीसाठी घेतली असल्यास ती विनाविलंब परत करावीत आणि पुढील जाहिरातीच्या वेळी त्याचा अर्ज इतरांप्रमाणेच छाननीस घ्यावा.