चाळीस संगणक, एक यादी

छत्रपती संभाजीनगरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयापासून एखाद्या वसाहतीतल्या एमएस-सीआयटी केंद्रापर्यंत, जिथे संगणकांच्या रांगा आहेत तिथे सत्राआधी तेच काम निघतं. कंपायलर, पायथन, लिबर ऑफिस, मराठी फॉन्ट सगळ्या यंत्रांवर सारखे हवेत. नाहीतर प्रॅक्टिकलला एकीचा प्रोग्राम चालतो आणि शेजारणीचा अडतो. लॅब असिस्टंट पेनड्राइव्ह घेऊन एकेका यंत्रासमोर बसतो. या कष्टांमागे काही पक्क्या समजुती आहेत आणि त्या तपासून पाहायला हव्यात.

सगळ्यात रुजलेली समजूत अशी: एक संगणक नीट तयार करा, त्याची हार्डडिस्क बाकीच्यांवर क्लोन करा, म्हणजे सगळे सारखे. क्लोनझिलासारख्या मोफत साधनाने हे झटपट होतं, हे खरं. पण डिस्कबरोबर नको तेही उतरतं. प्रत्येक लिनक्स यंत्राला स्वतःचा मशीन-आयडी असतो, एसएसएचच्या स्वतःच्या किल्ल्या असतात. क्लोन केल्यावर आयडी आणि किल्ल्या सगळ्यांच्या एकच होतात. उबुंटू सर्व्हर डीएचसीपीकडे पत्ता मागताना या मशीन-आयडीवरूनच स्वतःची ओळख देतो. त्यामुळे दोन यंत्रांना एकच आयपी मिळू शकतो आणि लॅनवर दोघांचीही ओढाताण होते. विंडोजमध्ये क्लोनआधी सिसप्रेप चालवायचं असतं ते याचसाठी. शिवाय इमेज शिळी होते. वर्षभराने तिच्यात नेमकं काय काय आहे, हे कुणालाच सांगता येत नाही.

वाळूजच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नवा भाग जुन्या भागावरून उतरवत नाहीत, ड्रॉइंगवरून बनवतात. संगणकांच्या बाबतीत ड्रॉइंग म्हणजे यादी: कोणती पॅकेजेस हवीत, कोणत्या आवृत्तीची, कोणत्या सेटिंगसह. डेबियन आणि उबुंटूवर बसवलेल्या पॅकेजेसची यादी एका आज्ञेत फाइलमध्ये उतरते. विंडोजवर विनगेट ही सोय देतो: एका यंत्रावर एक्स्पोर्ट, दुसऱ्यावर इम्पोर्ट. मात्र विनगेटच्या भांडारात नसलेलं सॉफ्टवेअर यात येत नाही, ते वेगळं नोंदवावं लागतं.

इथे दुसरा गैरसमज डोकावतो. यादी एक, दिवस एक, आज्ञा एक, म्हणजे आवृत्तीही एकच असणार! तसं होईलच असं नाही. उबुंटूची नेहमीची अपडेट्स टप्प्याटप्प्याने सोडली जातात. आधी थोड्या यंत्रांना, काही बिघडत नाही असं दिसलं की पुढच्यांना. उबुंटू २१.०४पासून पॅकेजेस बसवणारं एपीटीही हा क्रम पाळतं, आणि कोणतं यंत्र कोणत्या टप्प्यात हे मशीन-आयडीवरून ठरतं. म्हणून एकाच बाकावरच्या दोन संगणकांवर काही काळ वेगळ्या आवृत्त्या दिसू शकतात. यात बिघाड काहीच नाही. सुरक्षेची अपडेट्स मात्र सगळ्यांना लगेच मिळतात. काटेकोर सारखेपणा हवा असेल, तर यादीत नावापुढे आवृत्तीचा आकडा लिहायचा. पायथनच्या लायब्रऱ्यांसाठी तर हे करायलाच हवं, कारण तिथे एका आवृत्तीचा फरकही प्रोग्राम बंद पाडू शकतो.

‘ऑटोमेशन मोठ्या कंपन्यांसाठी, आमच्या चाळीस यंत्रांना कशाला?’ हा प्रश्न नेहमीचा. पण अशा याद्या यंत्रांवर आपोआप लागू करणारं सीएफइंजिन मार्क बर्जेस यांनी १९९३मध्ये ऑस्लोत लिहिलं ते विद्यापीठातलीच यंत्रं सांभाळण्यासाठी. २०१२मध्ये मायकेल डिहान यांनी आणलेलं अन्सिबल हे याच कामाचं साधन तर आणखी सुटसुटीत आहे. लिनक्सच्या लॅबमध्ये प्रत्येक यंत्रावर वेगळा प्रोग्राम बसवावा लागत नाही. एसएसएच आणि पायथन असलं की पुरे. एका संगणकावरून यादी चालवायची; मुळात ते पाच-पाच यंत्रं एका वेळी हाताळतं, हा आकडा वाढवताही येतो.

‘दुसऱ्यांदा चालवलं तर सगळं बिघडेल’ ही भीतीही नको. ‘हे बसव’ असं सांगण्याऐवजी ‘हे असायला हवं’ असं यादीत लिहिलेलं असतं. जे आधीच आहे त्याला अन्सिबल हात लावत नाही. बंद असलेली यंत्रं शेवटच्या अहवालात वेगळी दिसतात. ती सुरू झाली की तीच यादी पुन्हा चालवायची. पॅकेज बसत असतानाच वीज गेली, तर मात्र त्या यंत्रावर काम अर्धवट राहतं आणि पुढचं काहीच बसत नाही. अर्धवट पॅकेजेस पूर्ण करणारी डीपीकेजीची एक आज्ञा आहे. जिथे वीज भरवशाची नाही, तिथे ती यादीच्या पहिल्याच ओळीत ठेवावी.

इंटरनेटचं दडपणही वाजवीपेक्षा मोठं आहे. ५०० एमबीचं सॉफ्टवेअर चाळीस यंत्रांनी आपापलं उतरवलं तर २० जीबी होतात. लॅबमधल्या एका जुन्या संगणकावर पॅकेजेसचा साठा ठेवणारं एपीटी-कॅशर-एनजी बसवलं, तर तेच पॅकेज बाहेरून एकदाच येतं आणि बाकी यंत्रांना लॅनवरून मिळतं. मधल्या साठ्यात कुणी फेरफार केला तर? पॅकेजांचे हॅश डिजिटल सही केलेल्या यादीशी जोडलेले असतात. प्रत्येक यंत्र ते स्वतः ताडून पाहतं आणि न जुळणारं पॅकेज नाकारतं.

राहता राहिली लॅब असिस्टंटची नोकरी जाईल ही भीती. कोणत्या सरांच्या प्रॅक्टिकलला कोणती आवृत्ती लागते, कोणत्या यंत्राचा ड्रायव्हर त्रास देतो, हे त्याच्याच डोक्यात असतं. ही यादी त्यानेच लिहायला हवी, आणि त्यासाठी लागणारं प्रशिक्षण व वेळ महाविद्यालयाने त्याला द्यायला हवा. पहिली चाचणी सुट्टीच्या दिवशी, एकाच यंत्रावर घ्यावी.