सिद्धगडावर न भरलेले न्यायालय

परकीय सरकारने १९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली; तत्पूर्वी मुंबईच्या न्यायालयात त्यांचे म्हणणे निदान ऐकून तरी घेतले. मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ रोजी तेवढाही सोपस्कार पाळला गेला नाही. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडणाऱ्या 'आझाद दस्त्या'चे नेते भाई कोतवाल आणि त्यांचे सहकारी हिराजी पाटील तेथे पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. कोतवाल स्वतः वकील होते! मनोरे पाडल्याचे त्यांनी बहुधा नाकारलेही नसते. पण ते कोणासाठी पाडले, हे आरोपीच्या पिंजऱ्यातून सांगताना त्यांनी सरकारचीच उलटतपासणी घेतली असती. ती कोणत्या न्यायाधीशाला थांबवता आली असती?