भरतीची वेळ पाहा, पक्षी पाहा

दिवाळी-नाताळच्या सुटीत चाकरमानी सहकुटुंब कोकणात जातो. संध्याकाळी मुलाबाळांना घेऊन समुद्रावरही जातो. पण त्याच वाळूवर दूरदेशीचे पाहुणे उतरलेले असतात, त्यांच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वर या भागात हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे दिसतात. त्यांतला तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडच्या उंच सरोवरांकाठी वीण करतो. थंडीत मात्र त्याचे डोके पांढरे होते आणि डोळ्यामागे काळा ठिपका उरतो. चिमुकला चिखल्या तुरुतुरु धावतो, थबकतो, वाळूत चोच मारतो. समुद्री गरुड मात्र इथला कायमचा रहिवासी. पांढरे पोट, राखाडी पाठ, पाचरीसारखी शेपटी. उंच झाडावरचे तेच घरटे तो वर्षानुवर्षे वापरतो.

पक्षी पाहायला मोठा खर्च लागत नाही. साधी दुर्बीण, एक वही आणि भरतीची वेळ पुरे. आपल्या कोळीबांधवांचा हिशोब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ, म्हणजे नऊच्या सुमारास पूर्ण भरती. ओहोटीला पक्षी दूरवर पांगतात. पाणी चढू लागले की आपल्याकडे सरकतात. म्हणून त्या दिवशी सातलाच किनाऱ्यावर असावे. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सकाळचे ऊन पाठीशी राहते आणि रंग स्पष्ट दिसतात.

एक पथ्य मात्र प्रत्येकाने पाळावे. मुले थव्यामागे धावतात, मोठी माणसे वाळूवर गाडी घालतात, कुणी फरसाण फेकतो. थवा उडतो, फोटो छान येतो. पण परतीच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी त्या जिवाने अंगात साठवलेली चरबी आपल्या दोन मिनिटांच्या गमतीत जळते. त्याची भरपाई कोण करणार?

वेळासचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्याजोगे आहे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने २००२ मध्ये तिथे सागरी कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले, घरच्या भाकरीला गिऱ्हाईक मिळाले. जीव राखला तर गावाची चूलही पेटते, हे तिथे दिसले.

तेव्हा बंधू-भगिनींनो, यंदा गावी जाल तेव्हा मुलांच्या हाती वही-पेन्सिल द्या. पाच पक्षी ओळखून, त्यांना न उडवता परत आले, तर सहल सार्थकी लागली असे समजा.