पिशवी काढण्यापूर्वी

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील ऊस प्रामुख्याने निवृत्तीनगरच्या विघ्नहर आणि पारगावच्या भीमाशंकर या सहकारी साखर कारखान्यांकडे जातो, आणि तो तोडण्यासाठी दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतून मजुरांच्या टोळ्या येऊन बेल्हे, नारायणगाव, मंचर या परिसरातील रानांत कोप्या टाकतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, दोघांच्या नावावर उचल आधीच घेतलेली असते, आणि एक दिवस खाडा झाला तरी मुकादम पैसे कापतो. त्यामुळे पाळीत पोटात कळा येत असल्या, कोपीजवळ न्हाणीघर वा पुरेसे पाणी नसले, तरी बाईला पहाटे फडात उभे राहावेच लागते. अशा परिस्थितीत ‘पिशवी काढून टाका, कटकट मिटेल’ हा सल्ला तिला सुटकेचा वाटतो, यात नवल नाही. मात्र त्या सल्ल्यात शरीरशास्त्राचा मोठा भाग गाळलेला असतो.

या प्रश्नाचे स्वरूप 2019 साली राज्यासमोर आले. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीनुसार बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले होते, म्हणजे साधारण सहा जणींमागे एकीचे. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातील स्त्रियांमध्ये हेच प्रमाण देशभरात शंभरात तीनच्या आसपास होते. दोन्ही पाहण्यांची रीत वेगळी आहे हे मान्य केले तरी एवढी तफावत केवळ आजारपणाने पडत नाही.

गर्भाशय हा ओटीपोटात, पुढे मूत्राशय आणि मागे गुदाशय यांच्या मधोमध असलेला, सुमारे साडेसात सेंटिमीटर लांबीचा, जाड स्नायूंचा अवयव आहे. त्याचे खालचे तोंड, म्हणजे ग्रीवा, योनीमार्गात उघडते. वरच्या दोन्ही कोपऱ्यांतून बीजवाहिन्या निघतात आणि त्यांच्या टोकांपाशी दोन बीजांडकोश असतात. मुलगी जन्मते तेव्हाच तिच्या बीजांडकोशांत दहा ते वीस लाख अपक्व बीजे असतात. वयात येईपर्यंत त्यांतील बहुतेक आपोआप नष्ट होतात, आणि उरलेल्यांपैकी चार-पाचशेच आयुष्यभरात पक्व होऊन बाहेर पडतात.

पाळी गर्भाशयातून येत असली तरी तिचा हुकूम मेंदूतून सुटतो. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस हा भाग ठरावीक अंतराने एक संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप नेणारे रसायन, सोडतो. त्याने त्याच्याखालची पीयूषिका ग्रंथी चेतवली जाते आणि तिची दोन संप्रेरके बीजांडकोशापर्यंत पोहोचतात. पहिल्याने बीजाभोवतीचा पुटक वाढतो व त्या पुटकातून इस्ट्रोजेन स्रवू लागते, ज्यामुळे गर्भाशयाचे आतले अस्तर जाड होत जाते. इस्ट्रोजेन पुरेसे वाढले की दुसरे संप्रेरक एकदम उसळते आणि बीज बाहेर पडते. मागे राहिलेल्या पुटकाचा पिवळसर गोळा, ज्याला पीतपिंड म्हणतात, सुमारे दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन तयार करून ते अस्तर टिकवून धरतो. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड सुकतो, संप्रेरकांचा आधार तुटतो, अस्तर सुटून रक्तासह बाहेर पडते, आणि ते ढकलण्यासाठी स्नायू आकुंचन पावतात म्हणून कळा येतात. पाळीत अंगातले वाईट रक्त जाते, ही सर्वदूर पसरलेली समजूत म्हणूनच निराधार आहे.

गर्भ राहतो तेव्हा शुक्रपेशी आणि बीज यांचे मीलन गर्भाशयात होत नाही, तर बीजवाहिनीत होते. फलित पेशी विभागत विभागत पाच-सहा दिवसांत पोकळ गोलकाचे रूप घेते आणि तोवर गर्भाशयात उतरून अस्तरात रुजू लागते. रुजताच तिच्या बाहेरच्या पेशी एक नवे संप्रेरक स्रवतात (गर्भधारणेच्या लघवी तपासणीत हेच दिसते) आणि त्यामुळे पीतपिंड सुकत नाही. पुढे वार तयार होऊन दोन-अडीच महिन्यांत हे काम तिच्याकडे जाते.

आता गर्भाशय काढल्यावर काय होते ते पाहावे. त्याबरोबर दोन्ही बीजांडकोशही काढले, तर इस्ट्रोजेन एकाएकी घटते आणि तिशीतल्या बाईला पन्नाशीत यावी ती अवस्था काही दिवसांत गाठते: अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडांतील कॅल्शियम लवकर झिजू लागते, हृदयविकाराचा धोका वाढतो. बीजांडकोश जागेवर ठेवले तरी धोका पूर्ण टळत नाही, कारण त्यांना होणाऱ्या रक्तपुरवठ्याचा काही भाग गर्भाशयाच्या धमन्यांतून येतो, आणि अशा स्त्रियांची रजोनिवृत्ती इतरांपेक्षा काही वर्षे आधी येत असल्याचे अभ्यासांत आढळले आहे. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईच्या दृष्टीने हाडांची झीज हा किरकोळ तपशील नव्हे. जे काम चुकू नये म्हणून तिने शस्त्रक्रिया करून घेतली, तेच काम पुढे तिला झेपेनासे होते.

गर्भाशय काढणे कधीच योग्य नसते असे मात्र नाही. कर्करोग, मोठ्या गाठी, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणे अशा वेळी ही शस्त्रक्रिया जीव वाचवते किंवा जगणे सुसह्य करते. परंतु अंगावरून पांढरे जाणे ही बहुतेक वेळा औषधांनी बरी होणारी जंतुबाधा असते, कधी तर ते अगदी स्वाभाविक असते. पाळीच्या वेदना आणि जास्त रक्तस्राव यांवरही आधी गोळ्यांचे उपचार आहेत. ग्रीवेवरच्या सुजेकडे बोट दाखवून, कसलीही तपासणी न करता कर्करोगाची भीती घालणे हा त्या बाईवरचा उघड अन्याय आहे.

बीड जिल्ह्यात 2019 नंतर खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे बंधनकारक करण्यात आले, आणि केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणाव्यात असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये दिला. तरीही कागदावरचा नियम कोपीपर्यंत पोहोचायला गावातले कोणीतरी लागते. आपल्या शिवारात टोळी उतरली असेल तर बागायतदारांनी, आशाताईंनी आणि बचत गटांतील महिलांनी त्या बायांना एवढे जरूर सांगावे: चाळिशीच्या आत कोणी पिशवी काढायला सांगितली, तर सोनोग्राफी आणि ग्रीवेची तपासणी झाल्याशिवाय, सरकारी दवाखान्यातील दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय आणि बीजांडकोश राहणार की जाणार हे विचारल्याशिवाय संमतीच्या कागदावर अंगठा देऊ नये.