तळहातावर ताशी दोनशे

२००४ च्या डिसेंबरात एकाच नावाच्या दोन शर्यती बाजारात आल्या. नाव 'रिज रेसर', मूळ मालक जपानची नामको. एक शर्यत निन्टेंडोच्या डीएसवर, दुसरी सोनीच्या प्लेस्टेशन पोर्टेबलवर, म्हणजे पीएसपीवर. दोन्ही कन्सोल तेव्हा कोरे करकरीत होते. डीएस अमेरिकेत २१ नोव्हेंबरला आणि जपानात २ डिसेंबरला विक्रीला आला. पीएसपी जपानात १२ डिसेंबरला आला आणि त्याच दिवशी त्याच्यासाठीची रिज रेसरही दुकानात होती. समीक्षकांनी दोघींना अगदी वेगवेगळं वागवलं. पीएसपीवरच्या शर्यतीचं जवळजवळ एकमुखानं कौतुक झालं. डीएसवरची मात्र कोमट शब्दांत बाजूला सारली गेली.

व्हिडिओ गेमची परीक्षणं आपल्याकडे कुणी फारशी मनावर घेत नाही. खेळ चांगला की वाईट, पैसे खर्चावेत की नाही, एवढ्यापुरतं ती वाचायची आणि सोडून द्यायची. पण या दोन शर्यतींबद्दल तेव्हा जे लिहिलं गेलं ते शेजारी-शेजारी ठेवलं की त्यात माणसाच्या डोळ्यांबद्दल आणि बोटांबद्दल केवढी तरी माहिती सापडते. एका शर्यतीत हालचाल गुळगुळीत आहे, दुसरीत गाडी हातात येत नाही, हे निष्कर्ष कुठल्याही उपकरणाशिवाय, नुसतं खेळून काढलेले होते. आणि त्यांच्यामागची कारणं चक्क मोजता येतात.

आधी गुळगुळीतपणा घेऊ. रिज रेसर जन्मली १९९३ मध्ये, नाणं टाकून खेळायच्या मोठ्या यंत्रावर. नामकोच्या 'सिस्टिम २२' या संगणकावर ती सेकंदाला ६० चित्रं दाखवायची. नामकोनं पुढे तिची एक आवृत्ती अशीही केली होती, जिच्यात खेळाडू खऱ्याखुऱ्या लाल माझदा गाडीत बसायचा आणि समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर रस्ता धावायचा. ३ डिसेंबर १९९४ ला सोनीचं पहिलं प्लेस्टेशन जपानात आलं तेव्हा हीच शर्यत त्याच्यासोबत घराघरांत गेली, पण जाताना तिची अर्धी चित्रं गळाली. घरच्या यंत्राला सेकंदाला ३० च चित्रं झेपत होती. नामकोला ही उणीव बोचत असणार. कारण चार वर्षांनी मालिकेतल्या चौथ्या शर्यतीबरोबर त्यांनी एक जादा डिस्क दिली आणि तिच्यात तीच जुनी रिज रेसर त्याच प्लेस्टेशनवर पुन्हा ६० चित्रांनी धावत होती. त्यासाठी प्रतिस्पर्धी गाड्यांचा ताफा छाटावा लागला होता. तिशीवरून साठीवर जाण्यासाठी एका कंपनीनं एवढा आटापिटा करावा, यावरून त्या फरकाची किंमत लक्षात येते.

सेकंदाला ६० चित्रं म्हणजे एक चित्र साधारण १६.७ मिलिसेकंद, ३० म्हणजे ३३.३. डोळ्याला दोन्हींत हालचाल सलगच वाटते. मग फरक कुठे पडतो? समजा, रस्त्याकडेचा एक खांब पडद्यावरून सेकंदाला ४८० ठिपके या वेगानं सरकतो आहे. पीएसपीच्या पडद्याची रुंदी नेमकी ४८० ठिपक्यांची, म्हणजे तो खांब एका सेकंदात पडदा पार करतो. ६० चित्रांत तो दर वेळी ८ ठिपके पुढे उडी मारतो, ३० चित्रांत १६. आपला डोळा मात्र उड्या मारत नाही. एखाद्या सरकत्या वस्तूवर नजर ठेवली की तो तिच्यामागे संथ, अखंड फिरतो. एलसीडी पडद्यावर प्रत्येक चित्र पुढचं येईपर्यंत जागीच थांबलेलं असतं. चित्र थांबलेलं आणि डोळा फिरता, यामुळे त्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर फरफटते. पडदा अगदी निर्दोष असला तरी हा फरकाटा पडतोच, आणि चित्र जितका जास्त वेळ जागी थांबेल तितका तो लांब होतो. साठीवर चालणारी पीएसपीवरची शर्यत स्पष्ट वाटते ती या कारणानं.

पहिल्या पीएसपीचा पडदा निर्दोष नव्हता हेही सांगायला हवं. त्याचे ठिपके रंग बदलायला वेळ घ्यायचे आणि गडद पार्श्वभूमीवर धावत्या वस्तूमागे सावलीसारखी शेपटी दिसायची. तरीही लोक ही शर्यत पाहून हरखले, कारण तोवर हातात मावणाऱ्या यंत्रावर असं काही कुणी पाहिलेलंच नव्हतं. त्यातही एक तपशील मला फार मोलाचा वाटतो. पीएसपीचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्‌झपर्यंत धावू शकत होता, पण सुरुवातीची काही वर्षं सोनीनं खेळांना २२२ च्या पुढे जाऊ दिलं नाही; ती मर्यादा २००७ मध्ये उठली. म्हणजे नामकोच्या प्रोग्रामरांनी हे काम यंत्राची दोन-तृतीयांश ताकद हाताशी धरून केलं.

साठीचा दुसरा फायदा डोळ्यांना दिसत नाही, तो हाताला कळतो. बटण दाबल्यापासून त्याचा परिणाम पडद्यावर उमटेपर्यंत मध्ये काही चित्रं जातात: बटण वाचायचं, गाडीची नवी जागा काढायची, दृश्य रंगवायचं, पडद्यावर पाठवायचं. समजा, यात तीन चित्रं गेली. साठीवर तो उशीर ५० मिलिसेकंद, तिशीवर १००. ताशी २०० किलोमीटर वेगानं गाडी ५० मिलिसेकंदांत पावणेतीन मीटर जाते आणि १०० मध्ये साडेपाच. वळणाच्या तोंडाशी पावणेतीन मीटरांचा फरक म्हणजे वळण साधणं किंवा कठड्यावर आदळणं. हा उशीर समीक्षक मिलिसेकंदांत सांगत नाही. गाडी हुकमात आहे की नाही, एवढंच तो लिहितो.

आता एक आक्षेप, जो तेव्हा सर्रास घेतला जायचा आणि जो मला पटत नाही. एवढ्याशा पडद्यावर वेगाची काय मजा येणार, असं म्हटलं जाई. पीएसपीचा पडदा ४.३ इंची, म्हणजे सुमारे साडेनऊ सेंटिमीटर रुंद. डोळ्यांपासून ३० सेंटिमीटरवर धरला तर तो दृष्टीचा साधारण १८ अंशांचा भाग व्यापतो. त्या काळच्या घरातला २१ इंची टीव्ही दोन मीटरवरून पाहिला तर १२ अंश. डोळ्याला इंच कळत नाहीत, कोन कळतो. आणि त्या हिशेबानं हातातला पडदाच मोठा होता. अर्थात आपलं दृष्टिक्षेत्र आडवं सुमारे २०० अंश पसरलेलं असतं आणि स्वतः पुढे जात असल्याची जाणीव आपल्याला मोठ्या प्रमाणात त्याच्या कडांवरून मिळते. शेजारची गाडी हलली की आपलीच गाडी सुटल्याचा भास होतो, तो याच कडांचा प्रताप. १८ काय आणि १२ काय, हे दोन्ही त्या कडांपासून लांबच. म्हणून पडदा कुठलाही असला तरी वेग मुद्दाम रचावा लागतो.

तो कसा रचायचा याचं एक सुंदर उत्तर रस्तेबांधणीतून मिळतं. स्कॉटलंडमध्ये न्यूब्रिजजवळ एम-८ महामार्ग जिथे चौकाला मिळतो तिथे १९७० च्या दशकात डेंटन नावाच्या संशोधकानं रस्त्यावर आडवे पट्टे रंगवून घेतले. चौक जवळ येईल तसं पट्ट्यांमधलं अंतर कमी होत जाई. चालकाच्या डोळ्यांखालून पट्टे अधिक झपाट्यानं सरकू लागत, आपला वेग वाढतोय असं त्याला वाटे आणि पाय ब्रेककडे जाई. म्हणजे किती मीटर गेलो यापेक्षा सेकंदाला किती खुणा मागे पडल्या, यावर आपला मेंदू वेग ठरवतो. रिज रेसर खेळताना कडेला पाहा: बोगद्यातल्या दिव्यांच्या रांगा, कठड्यावरचे आलटून-पालटून रंगवलेले पट्टे, बाणांच्या पाट्या, ठरावीक अंतरावरची झाडं. हे सगळं सजावट म्हणून ठेवलेलं नाही. डेंटननं गाड्या हळू करण्यासाठी जे वापरलं तेच इथे गाडी वेगवान भासवण्यासाठी वापरलं आहे. बोगद्यात शिरताच अंगावर काटा येतो, त्याचं कारण तिथे दोन खुणांमधलं अंतर कमी आणि त्या डोळ्यांच्या जवळ.

जाता जाता आणखी एक. १९९८ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिलं होतं की धुक्यासारख्या फिकट दृश्यात लोकांना स्वतःचा वेग कमी वाटतो आणि ते नकळत गाडी पळवतात. दृश्यातला उठाव घटला की वेगाची जाणीवही घटते. तेव्हा चकचकीत, उजळ पडदा हा नुसता दिखाव्याचा प्रश्न नव्हता, आणि पीएसपी भर उन्हात घेऊन बसल्यावर शर्यत मंद वाटली असेल तर तो खेळाडूचा भ्रम होता, पण अगदी नियमाबरहुकूम होणारा भ्रम.

या शर्यतीचं भौतिकशास्त्र मात्र सरळ सरळ खोटं आहे, आणि ते तसं असण्यातच तिची ओळख आहे. टायर आणि डांबर यांच्यातल्या घर्षणाला मर्यादा असते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर घर्षणगुणांक ०.९ धरला तर ताशी १०० किलोमीटर वेगानं गाडी साधारण ८७ मीटर त्रिज्येचं वळण घेऊ शकते. वेग दुप्पट केला की त्रिज्या चौपट लागते, म्हणजे सुमारे ३५० मीटर. रिज रेसरमधली कितीतरी वळणं याहून कितीतरी तंग आहेत आणि ब्रेकला हात न लावता घेता येतात. ॲक्सिलरेटर क्षणभर सोडायचा, गाडी वळवायची, पुन्हा दाबायचा. गाडीचं मागचं अंग बाहेर फेकलं जातं आणि ती आडवी होऊन वळणाला लपेटल्यासारखी घसरत जाते. खऱ्या ड्रिफ्टमध्ये वेग झपाट्यानं पडतो. इथे तो बराचसा टिकतो. पीएसपीच्या आवृत्तीत तर ड्रिफ्ट करताना नायट्रसची टाकी भरते आणि पुढच्या सरळ रस्त्यावर ती उघडली की गाडी उसळून सुटते. चूक वाटणारी गोष्टच बक्षीस मिळवून देते. खऱ्याखुऱ्या ड्रायव्हिंगची अपेक्षा ठेवून आलेल्यांना हे बालिश वाटलं. मला हा उत्तम दर्जाचा आराखडा वाटतो: नियम खोटे आहेत, पण प्रत्येक वेळी तंतोतंत तेच आहेत, म्हणून शिकता येतात.

डीएसवरच्या शर्यतीचं काय बिनसलं ते इथेच कळतं. ती मुळात २००० सालची 'रिज रेसर ६४', निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या स्टुडिओनं निन्टेंडो ६४ साठी केलेली. त्या कन्सोलच्या कंट्रोलरला छोटी काठी होती: थोडी कलवली तर थोडं वळण, पूर्ण कलवली तर पूर्ण. ड्रिफ्ट सांभाळायला हेच थोडं-थोडं लागतं. डीएसला काठीच नव्हती. एक तर दिशांची बटणं, ज्यांत डावीकडे किंवा उजवीकडे एवढंच कळतं, अधलंमधलं काही नाही. नाहीतर खालच्या टचस्क्रीनवर काढलेलं स्टिअरिंग, जे बोटानं फिरवायचं. कन्सोलबरोबर मनगटाचा पट्टा मिळायचा आणि त्याला अंगठ्यात अडकवायचं प्लॅस्टिकचं टोकही होतं. कल्पना मोहक होती. समीक्षकांना ती वापरताना त्रास झाला आणि त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं.

खरं स्टिअरिंग सोडलं की ते आपोआप मधे येतं. काठीला स्प्रिंग असते, तीही परत येते. स्प्रिंगचा विरोध बोटाला सतत सांगत राहतो की आपण मध्यापासून किती दूर आहोत. ही बातमी त्वचेतून आणि स्नायूंतून मिळते, डोळ्यांना विचारावं लागत नाही. सपाट काचेवर मध्य कुठे आहे हे बोटाला कळायला काहीच मार्ग नाही. मग डोळे वरच्या पडद्यावरून खाली जातात, आणि ताशी २०० च्या वेगात नजर अर्धा सेकंद जरी रस्त्यावरून हटली तरी २७-२८ मीटर रस्ता न पाहता मागे पडतो. पडद्याचा कोन इथे दोषी नव्हता. हातात धरलेल्या डीएसच्या वरच्या पडद्याचा कोनही २१ इंची टीव्हीएवढाच, सुमारे १२ अंश. चित्राचा साधेपणा जाणवायचा हे खरं. डीएसचा एक पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा आणि एका चित्रात त्रिमितीतले २,०४८ त्रिकोण ही त्याची मर्यादा. पण चित्र साधं असूनही लोकांच्या गळ्यातला ताईत झालेले खेळ डीएसवर ढिगानं आहेत. ही शर्यत अडखळली ती बोटापाशी.

पीएसपीच्या आवृत्तीवरही टीका झाली. रस्ते बहुतेक मालिकेतल्या जुन्या शर्यतींतून घेतलेले होते, आणि अनेकांनी एकत्र खेळायची सोय फक्त जवळपासच्या पीएसपींपुरती होती, इंटरनेटवरून नव्हती. दुसरी तक्रार रास्त होती. पहिलीशी मी सहमत नाही. ओळखीचं वळण नव्या पडद्यावर पहिल्यांदाच साठीनं धावताना पाहणं हा अनुभव नवाच होता.

हे बारकावे परीक्षणांच्या मजकुरात होते. पण २००१ पासून मेटाक्रिटिकसारख्या ठिकाणी सगळ्या परीक्षणांचे गुण भारांकित सरासरीनं एकत्र होऊ लागले, आणि कुणाला किती वजन द्यायचं हे त्यांनी जाहीर केलेलं नाही. स्टिअरिंगला मध्य सापडत नाही ही तक्रार आणि रस्ते जुने आहेत ही तक्रार, दोन्ही त्या सरासरीत सारख्याच विरघळतात. पहिली तक्रार अभियंत्याला नेमकं काय दुरुस्त करायचं ते सांगते. गुणांतून ते कळत नाही.

२००६ मध्ये पीएसपीवर 'रिज रेसर्स २' आली. तीही जुन्या रस्त्यांचं संकलन होती आणि आता मात्र तेच-ते असल्याची तक्रार जोरात झाली. पुढे २०११ च्या डिसेंबरात जपानात पीएसपीच्या वारसदाराबरोबर, प्लेस्टेशन व्हिटाबरोबर, नवी रिज रेसर आली, तेव्हा डब्यात होते तीन रस्ते आणि पाच गाड्या. बाकीचे नंतर वेगळे उतरवून घ्यायचे. समीक्षकांनी तिला झोडपून काढलं आणि ते योग्यच केलं. सात वर्षांपूर्वी ज्या घसरत्या वळणांनी ते भारावले होते ती याही शर्यतीत होती, पण अर्धवट माल पूर्ण म्हणून विकणाऱ्या दुकानदाराला माफ करायला तेवढं पुरेसं नव्हतं.