कृपा की कर्म?

हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. विठ्ठलाचे लाडके भक्त असूनही गुरूवाचून त्यांचे मडके कच्चे ठरले. मग जिल्ह्यातीलच औंढा नागनाथ येथे विसोबा खेचरांनी त्यांना उपदेश केला, अशी परंपरा सांगते. साधना थोर, पण कृपेवाचून अपुरी, हा विचार मराठी मनाला परका नाही.

ख्रिस्ती धर्मात मात्र हा प्रश्न अधिक टोकदार होतो. तारण ही देवाची देणगी आहे, ते कमावता येत नाही, असे संत पौल सांगतो. तर कृतीवाचून विश्वास मृत आहे, असे याकोबाचे पत्र बजावते.

पंडिता रमाबाईंनी हा पेच प्रत्यक्ष अनुभवला. व्रते, तीर्थयात्रा आणि दानधर्म यांत आयुष्य वेचलेले त्यांचे आईवडील १८७४च्या सुमारास दुष्काळात दगावले. पुढे १८८३मध्ये रमाबाईंनी इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. तरीही आपल्याला धर्म गवसला, ख्रिस्त नव्हे, हे उमगायला त्यांना सुमारे आठ वर्षे लागली. एवढ्या प्रकांड पंडितेला एवढा काळ लागावा, हे मला फार बोलके वाटते. विद्वत्तेला फुकट मिळालेले घेणेच अवघड जाते.

कृपा मिळाल्यावर मग श्रम कशासाठी? रमाबाई तर त्यानंतरच अधिक राबल्या. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार विधवा व मुलींना त्यांनी आश्रय दिला, केडगावला ‘मुक्ती’ उभारली आणि १९२२मध्ये मृत्यू येईपर्यंत बायबलच्या मराठी भाषांतराचे काम हातावेगळे करीत आणले.