औजारांच्या खोलीतली ओल

पाऊस सरला की घराची डागडुजी निघते. ओटी सारवली जाते, कौले चाळली जातात. मागीलदारची औजारांची खोली मात्र कोणाला आठवत नाही. रत्नागिरीकडे वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा मुलखात ही खोली चार-पाच महिने ओलीगच्च असते. कोयत्या गंजतात, रंध्याचे पाते डागाळते, फवारणी पंपाचा दांडा हलेनासा होतो. एवढ्यावर भागले तर नशीबच म्हणायचे.

मागे एकदा ऐन श्रावणात आमच्या दादाने कोयतीला धार लावायला ग्राइंडर सुरू केला आणि त्याला विजेचा झटका बसला. पायांत रबरी चपला होत्या म्हणून निभावले. वहिनी एवढेच म्हणाल्या, "खोली कोरडी होईस्तोवर त्या बटणाला कोणी हात लावायचा नाही."

तुम्हीही खर्चात पडण्यापूर्वी ओल कोठून येते ते ओळखा. दीड हात लांब-रुंद प्लॅस्टिकचा कागद जमिनीवर पसरा, कडा चिकटपट्टीने बंद करा आणि एक दिवस-रात्र तसाच राहू द्या. कागदाखाली पाणी दिसले तर ओल जमिनीतून येते. वरच्या अंगाला दवासारखे थेंब दिसले तर दमट हवा गार फरशीवर घाम धरते आहे. आमचा कागद खालून चिंब होता.

जांभा दगड सच्छिद्र. दिव्याची वात तेल ओढते तसा तो पाणी वर ओढतो. त्यावर पूर्वी आम्ही सिमेंटचा गिलावा करून घेतला होता, तीच चूक झाली. आत कोंडलेली ओल गिलाव्याच्या वर आणखी हातभर चढली आणि लोणा फुटला. तो गिलावा खरवडून आता चुन्याचा केला आहे. चुना ओल बाहेर सोडतो.

पण खरा गुन्हेगार भिंतीबाहेर होता! पागोळ्या थेट जोत्याशी पडत होत्या, आणि परसातली माती वर्षानुवर्षे साचून आतल्या जमिनीपेक्षा उंच झाली होती. घरच्या चौघांनी ती माती ओढली, उताराचा चर खणला, पत्रे हातभर पुढे काढले. पैशाच्या मानाने सर्वांत मोठा गुण या कामाचा आला. मग आत खडी, वाळू, त्यावर जाड प्लॅस्टिक आणि वर चार इंच काँक्रीट घातले.

युरियाची पोती तिथून हलवली. खत हवेतले पाणी ओढते आणि त्याच्या क्षारांनी लोखंड खाल्ले जाते. हत्यारांच्या कपाटात पावसाळ्यात जुना तारेचा साठ वॅटचा दिवा लावतो, चिंध्या-भुशापासून दूर. त्या उबेने लोखंडाला घाम येत नाही. एल.ई.डी. दिवा इथे कुचकामी. विजेचे काम परवानाधारक तारतंत्र्याकडून करून घेतले. अर्थिंग नवे, आणि गळती होताच वीज तोडणारे ३० मिलिअँपियरचे यंत्र बसवले. इथे काटकसर करू नका.

उत्तरेच्या भिंतीला अजून वीतभर ओल आहे. जाड भिंत सुकायला एखादा उन्हाळा पुरत नाही. तोवर तिकडे मांडणी ठोकलेली नाही, आणि ग्राइंडर दक्षिणेकडच्या फळीवर आहे. बटणाची परवानगी वहिनींनी गेल्या माघात दिली.